बंपर पांढरा पडलाय? आधी पाणी मारून बघा

सोलापुरात चार-पाच उन्हाळे उघड्यावर काढलेली गाडी लांबूनच ओळखू येते. पत्र्याचा रंग ठीकठाक असतो, पण बंपरची खालची काळी पट्टी, चाकांवरची काळी प्लॅस्टिकची कड म्हणजे क्लॅडिंग, आरशांची बुडं आणि वायपरखालची जाळी राखाडी झालेली असते. मालक ॲक्सेसरीजच्या दुकानातून प्लॅस्टिक काळं करायची एक बाटली आणतो, रविवारी भर दुपारी फासतो. गाडी दोन दिवस चकाकते आणि तिसऱ्या दिवशी धुळीचा थर अंगावर घेऊन उभी राहते. दोष बहुतेक वेळा बाटलीचा नसतो. प्लॅस्टिक पांढरं का दिसतंय हे न बघताच ती उघडलेली असते.

म्हणून पहिलं काम फुकटातलं. गाडी सावलीत आणि गार असताना त्या भागावर साधं पाणी शिंपडा.

ओलं असताना छान काळं दिसलं आणि वाळल्यावर पुन्हा राखाडी झालं, तर ती उन्हाची करामत आहे आणि ती बऱ्यापैकी सुधारते. ओलं असतानाही पांढरे डाग तसेच राहिले, तर ते वर बसलेलं काहीतरी आहे. गोल कडा असलेले डाग बहुधा बोअरच्या पाण्याचे क्षार असतात. रंगाच्या कडेला, प्लॅस्टिकवरच्या खरखरीत दाण्यांत अडकलेला पांढुरका लेप म्हणजे पॉलिश किंवा वॅक्स. कोरड्या भागावर पांढरं फडकं घासल्यावर काळी-करडी पूड आली, तर वरचा थर सुटत चाललाय आणि जास्त घासावं लागेल. आणि चिरांमध्ये नख अडकत असेल तर पैसे बाटलीवर घालवू नका, तो भाग बदलायचा आहे.

पाणी मारल्यावर काळं का दिसतं

बंपर उतरवला की आतल्या बाजूला साच्यातच उमटवलेली खूण दिसते. बऱ्याच गाड्यांत ती 'पीपी + ईपीडीएम – टीडी २०' अशा धाटणीची असते. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ईपीडीएम हे त्यात लवचिकपणासाठी मिसळलेलं रबर, आणि टीडी २० म्हणजे टाल्क या मऊ खनिजाची २० टक्के पूड. काळेपणा येतो कार्बन ब्लॅक या काजळीसारख्या पुडीमुळे. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात. वरच्या पातळ थरात बारीक चिरा आणि खड्डे पडतात, टाल्क उघडं पडतं. अशा खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि डोळ्याला राखाडी दिसतं. रंग आत शाबूत असतो.

पाणी ते खड्डे भरतं, प्रकाश विखुरायचा थांबतो आणि काळं दिसतं. बाजारातली प्रत्येक बाटली हेच करते. सिलिकॉनचं ड्रेसिंग, म्हणजे वरून फासायचं द्रव, काही आठवडे खड्डे भरून ठेवतं, सिरॅमिक कोट त्यात घट्ट होऊन बसतो म्हणून जास्त काळ. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं जातं: खड्ड्यात आधीच माती, जुनं तेल आणि काजळी भरलेली असेल, तर नव्या मालाला जागाच नाही.

इथे तर खड्डे भरायला सामग्रीची कमी नाही. मंगळवेढ्याकडच्या काळ्या मातीचा चिखल वाळला की दाण्यांत सिमेंटसारखा बसतो. गळीत हंगामात कारखान्यांच्या परिसरात चिपाडाची राख उडते. त्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हातलं काळं प्लॅस्टिक हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, हात ठेववत नाही. उष्णतेने ही झीज आणखी वेगाने होते. गाडी रोज एकाच जागी एकाच दिशेला उभी राहत असेल, तर दुपारनंतरचं ऊन खाणारी बाजू आधी पांढरी पडते. चिंचोळी किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दिवसभर बिनछपराच्या पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्यांनी एक दिवस नाक पुढे, एक दिवस मागे असं लावलं तरी झीज निदान दोन्ही बाजूंना वाटली जाते.

खरं काम धुण्यात आहे

सकाळी साडेसहा ते नऊ ही वेळ धरा, गाडी सावलीत हवी. पंजा ठेवल्यावर प्लॅस्टिक गार लागलं पाहिजे. तापलेल्या भागावर साबण लगेच वाळतो आणि त्याचाच डाग पडतो.

नळाला रोज पाणी नसतं हे गृहीत धरून हिशेब करू. दोन बादल्या, १० लिटरच्या. एकीत कार शाम्पू, दुसरीत फडकं खंगाळायला नुसतं पाणी. आधी मगभर पाण्याने चिखल भिजवून पाच मिनिटं सोडा, मग धुवा. सुका चिखल कधीही घासू नका, त्यातली वाळू शेजारच्या रंगावर ओरखडे काढते.

शाम्पूने वरची धूळ जाते, खड्ड्यातलं जात नाही. त्यासाठी ऑल पर्पज क्लीनर, म्हणजे दुकानदार ज्याला एपीसी म्हणतात ते. १ लिटर पाण्यात १०० मिली पुरतं. साधारण दोन वीत भागावर मारा, मिनिटभर थांबा, वाळू देऊ नका. मऊ केसांच्या ब्रशने गोल गोल घासा. कपडे धुवायचा कडक ब्रश नको, जुना मऊ टूथब्रश कोपऱ्यांसाठी उत्तम. फेस तपकिरी किंवा करडा येईल. धुवा आणि पुन्हा मारा. फेस पांढरा राहीपर्यंत हे चालू ठेवायचं. जुन्या गाडीला तीन-चार वेळा लागू शकतं. बहुतेक लोक पहिल्या फेऱ्यानंतर थांबतात आणि पुढचं सगळं तिथेच बिघडतं.

भांडी घासायची हिरवी घासणी मात्र लांब ठेवा. ती साच्यातून आलेल्या दाण्यांची टोकं कापून टाकते. तिथे गुळगुळीत चमकणारे पट्टे पडतात आणि ते कुठल्याही बाटलीने परत येत नाहीत. वॉशिंग सेंटरवर जो झोंबणारा फेस मारतात तो अनेकदा चांगलाच क्षारीय असतो. महिन्याला एकदा चालेल, पण प्लॅस्टिकवर वाळू द्यायचा नाही हे तिथल्या पोराला सांगा.

पाण्याच्या डागांवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून कापसाने लावा, दोन मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. टॉयलेट क्लीनरने डाग झटक्यात जातात हे खरं आहे, पण त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड शेजारच्या क्रोमची, स्क्रूंची आणि पत्र्याच्या कडांची वाट लावतं. वॅक्सचे पांढरे डाग असतील तर शाळेतलं पांढरं खोडरबर आधी वापरून बघा. दाण्यांतलं वॅक्स रबराच्या चुऱ्यासोबत निघून येतं. उरलेल्यावर कोमट पाणी, एपीसी आणि टूथब्रश. पुढच्या वेळी पॉलिश करताना काळ्या पट्टीवर आधी मास्किंग टेप लावा, म्हणजे हा उद्योगच राहणार नाही.

शेवटचं पाणी बोअरचं नको, नाहीतर आत्ताच काढलेले क्षार पुन्हा बसतील. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी एक-दोन लिटर घ्या. घरच्या एसीच्या नळीतून पडणारं पाणीही चालतं. ते हवेतली वाफ गार होऊन आलेलं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओचं बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र उलट, त्यात क्षार जास्त.

पुसण्याबद्दल एक अप्रिय गोष्ट. टॉवेलांच्या गावात बसून टॉवेलला नाव ठेवणं बरं दिसत नाही, पण टेरी टॉवेलचे फासे खरखरीत प्लॅस्टिकच्या दाण्यांत अडकतात आणि पांढरे तंतू सोडतात. रंगीत पत्रा त्याने पुसा, काळ्या भागाला आखूड केसांचं मायक्रोफायबर वापरा. मग दारं उघडून गाडी तासभर तशीच ठेवा. क्लॅडिंगच्या फटीत आणि आरशाच्या बुडाशी पाणी लपून बसतं आणि कोट लावल्यावर नेमकं तेव्हाच खाली ओघळतं.

ड्रेसिंग लावायचं असेल तर इथपर्यंतची तयारी पुरते. टिकाऊ कोट लावायचा असेल तर आणखी एक पायरी: आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड पाणी समान प्रमाणात, साधारण २००-२०० मिली, स्प्रेच्या बाटलीत. फडक्यावर मारून पुसा, दर दोन फुटांनी घडी बदला. हँड सॅनिटायझर याला पर्याय नाही. त्यात बहुधा ग्लिसरीन किंवा जेल असतं आणि तो थर मागे राहतो.

काय लावायचं

पाण्यावर आधारलेलं, दुधासारखं पांढरं दिसणारं ड्रेसिंग सर्वांत सोपं. स्पंजवर थोडं घ्या, पातळ पसरवा, पाच-दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जास्तीचं पुसून घ्या. हे पुसणं टाळलं की धूळ चिकटते, 'बाटली खराब निघाली' ही तक्रार तिथूनच येते. टिकतं काही आठवडे, पावसात त्याहून कमी. तेलकट, पारदर्शक, चकचकीत ड्रेसिंग स्वस्त असतं, पण पुसूनही चिकट राहतं आणि पहिल्या पावसात दारावर काळपट ओघळ सोडतं. आमचं मत विचाराल तर धुळीच्या गावात ते घेऊच नये.

दुसरा प्रकार रंग असलेल्या रिस्टोररचा. प्लॅस्टिक फारच राखाडी झालं असेल तर हा उपयोगी पडतो, काही महिने टिकतो. हातमोजे घाला, अंगणातल्या फरशीवर जुना पेपर टाका, आणि रंगाच्या कडेला टेप लावल्याशिवाय सुरुवात करू नका.

रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी सिरॅमिक ट्रिम कोट हाच आमचा कौल. ३० मिलीची बाटली लहान गाडीच्या सगळ्या काळ्या भागांना दोन हात देऊन पुरावी. भरपूर क्लॅडिंग असलेल्या मोठ्या गाडीला ५० मिली धरा. लावण्याची पद्धत अशी: ॲप्लिकेटरवर सुरुवातीला आठ-दहा थेंब, नंतर दर वेळी चार-पाच. एका वेळी फक्त फूटभर भाग. आधी आडवं, मग उभं, सगळीकडे एकसारखं ओलं दिसेपर्यंत. पाकिटावर दोन-तीन मिनिटं थांबायला सांगितलेलं असलं तरी इथल्या कोरड्या उन्हाळी हवेत तो मिनिटभरातच ओढला जातो, म्हणून पहिल्या तुकड्यावर लक्ष ठेवून वेळ ठरवा. मग मायक्रोफायबरने हलकं फिरवून जास्तीचा कोट उचला. जाड राहिलेली जागा गडद डाग होऊन वाळते. ती ओली असतानाच दिसली, तर त्यावर ताजे दोन थेंब लावून लगेच पुसा. वाळून कडक झाल्यावर हाताने निघत नाही. रंगावर उडालेला थेंब तिथल्या तिथे पुसायचा.

दुसरा हात तासाभराने. त्यानंतर किमान २४ तास पाणी, दव, शेजाऱ्याचं अंगण धुणं, काहीच लागू द्यायचं नाही, आणि आठवडाभर शाम्पू नाही. वापरलेली फडकी टाकून द्या. त्यातला कोट कडक होतो आणि तेच फडकं पुढच्या वेळी रंगावर ओरखडे काढतं. काम उघड्यावर किंवा दारं-खिडक्या उघडून करा, वास उग्र असतो. नीट धुतलेल्या प्लॅस्टिकवर हा कोट वर्षभर सहज साथ देतो. महिन्याभरात चट्ट्याचट्ट्यांनी निघाला तर समजा, खाली जुनं सिलिकॉन राहिलं होतं.

गाडी डेंटिंग-पेंटिंगला जाणार असेल तर त्याआधी सिलिकॉनचं काहीही लावू नका. त्याचा अंश राहिलेल्या जागेवर नवा रंग फाटतो, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. आधीच लावलं असेल तर रंगाऱ्याला तसं सांगा.

आणि घरगुती उपाय. डिझेल, रॉकेल, इंजिनचं काढलेलं ऑइल, खोबरेल, बूट पॉलिश. सगळे खड्डे भरतात, म्हणून सगळे पहिल्या दिवशी काम करतात. खोबरेल आणि ऑइल धूळ धरून ठेवतं. डिझेल-रॉकेलने ईपीडीएम रबर फुगतं आणि सैल पडतं, म्हणजे बंपर चमकवायच्या नादात शेजारचं त्याच रबराचं बीडिंग, दारांच्या कडेची पट्टी, जातं. बूट पॉलिशचा रंग पावसात उतरतो आणि त्याआधी पॅंटला लागतो.

हीट गन आणि स्प्रे पेंट

हीट गनचे व्हिडिओ बघून अनेकांना मोह होतो. प्लॅस्टिकचा वरचा थर किंचित वितळून खड्डे मिटतात, म्हणून फरक खरा असतो. पण पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंशांना वितळतं आणि गनच्या तोंडाशी ३०० अंशांहून जास्त उष्णता असते. हात क्षणभर थांबला की दाणे सपाट होतात किंवा पट्टी वाकते. करायचंच असेल तर भाग गाडीवरून उतरवा, गन १०-१५ सेंटीमीटरवर ठेवून सतत फिरवा आणि सुरुवात आतल्या, न दिसणाऱ्या बाजूने करा. पार्किंग सेन्सर, वायरिंग, रबर आणि रंगवलेला पत्रा यांच्याजवळ तर नकोच. प्लॅस्टिकमध्ये मुळात मिसळलेलं ऊन अडवणारं द्रव्य काही परत येत नाही, त्यामुळे लगेच वर कोट दिला नाही तर काही महिन्यांत पुन्हा तेच.

काळा स्प्रे मारला की पोपडे का निघतात, हेही पॉलिप्रॉपिलीनमुळेच. त्याच्यावर रंग धरत नाही. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात, अल्कोहोलने पुसणं, मग रंग धरून ठेवणारा, प्लॅस्टिकसाठीचा ॲडहेजन प्रमोटर, आणि त्यानंतर मॅट काळ्या रंगाचे दोन-तीन पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. रंगाच्या दुकानात 'प्लॅस्टिक प्रायमर' मागितलं की मिळतो, फक्त डब्यावर पीपी लिहिलंय ना ते बघा. दाणेदारपणा थोडा बुजतोच, म्हणून ओरखडलेल्या खालच्या पट्टीला ठीक, आरशाच्या बुडाला नको.

पियानो ब्लॅक म्हणतात त्या चकचकीत काळ्या पट्ट्या या सगळ्यातून वगळा. त्यावर ब्रश किंवा ट्रिमचं ड्रेसिंग चालत नाही. त्यांना रंगवलेल्या पत्र्यासारखंच वागवा.

रबर: इथे तेल नाही, सिलिकॉन

दाराचं बीडिंग ओल्या फडक्याने आणि १ लिटरला ५० मिली एपीसीने पुसा, वाळू द्या, मग सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात बोटाने फिरवा. चार दारं आणि डिक्कीला मिळून चमचाभर पुरतं. साधं ग्रीस किंवा गंजलेले नट सोडवायचा स्प्रे नको, दोन्हीत खनिज तेल असतं. दार उघडताना चरचर आवाज येत असेल, तर बहुतेक वेळा रबर कोरडं पडलेलं असतं आणि एवढ्याने थांबतो.

काचेच्या खाचेत धूळ जमली की काच जड चालते आणि काचेवर उभ्या रेघा पडतात. जुन्या एटीएम कार्डाला ओलं फडकं गुंडाळून खाच पुसा, फडक्यावर माती यायची थांबेपर्यंत. वाळल्यावर खाचेच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉनचा स्प्रे नळी लावून मारा, काच चार-पाच वेळा खालीवर करा, काचेवर आलेलं पुसून घ्या.

वायपरच्या पात्यांना मात्र सिलिकॉन अजिबात नाही, काचेवर तवंग येतो आणि रात्री समोरच्या दिव्यांत काही दिसत नाही. त्यांना फक्त अल्कोहोल-पाण्याने पुसा, आणि कडा तडकली असेल तर जूनच्या आधी बदला. उन्हात गाडी उभी करताना पाती काचेवरून उचलून ठेवली तर बरं, तापलेल्या काचेला रबर चिकटून वाकतं.

क्लच-ब्रेकच्या पेडलची रबरं, दुचाकीचे फूटरेस्ट, हँडलच्या ग्रिप आणि स्कूटरच्या पायाखालची चटई यांना कुठलंही ड्रेसिंग लावू नका. पाय किंवा हात घसरला की खेळ खलास. टायरच्या बाजूला लावलं तर चालेल, रस्त्याला लागणाऱ्या भागाला आणि ब्रेकच्या डिस्कला त्याचा थेंबही नको. स्प्रे वाऱ्याने उडतो, म्हणून दुचाकीवर तो फडक्यावर मारूनच वापरा. मागचं काळं मडगार्ड आणि साइड पॅनेल वगळता दुचाकीला फार काही लागत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

कोट फेब्रुवारीत लावा, ऊन चढायच्या आधी. तेव्हा सकाळी हवा कोरडी असते आणि प्लॅस्टिकही गार. जूनच्या सुरुवातीला रबरं आणि वायपर. दिवाळीनंतर काळ्या मातीचा चिखल वाळला की एकदा एपीसीने खोल धुणं, बाकी महिन्यांत नुसता शाम्पू. अंगावर गाडीचं कव्हर टाकणाऱ्यांनी आधी धूळ झटकावी, नाहीतर वाऱ्यात कव्हरच पॉलिश पेपरचं काम करतं.

भाग बदलायची वेळ आलीच, तर वायपरखालची जाळी आणि चाकांवरचं क्लॅडिंग क्लिपांवर बसवलेलं असतं. उन्हाने त्या ठिसूळ होतात आणि काढताना हमखास मोडतात, म्हणून भागासोबत पाच-सहा जास्तीच्या क्लिपा मागवा. क्लिपा आधी काढणीच्या प्लॅस्टिक पट्टीने उचला, स्क्रूड्रायव्हरने रंग उडतो. नवा भाग बसवायच्या आधी अल्कोहोलने पुसा, कारण साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश त्यावर असू शकतो, आणि टेबलावरच कोटचे दोन हात देऊन दुसऱ्या दिवशी गाडीवर चढवा.